शिष्यवृत्ती कुणाच्या नावावर, किती वर्षांची आणि कशाच्या बदल्यात?

उंबरठा (धागालेखक)

माझ्या भाचीला पीएचडीसाठी दोन ठिकाणांहून होकार आलाय आणि घरात सरळ दोन तट पडलेत. पहिल्या ठिकाणी एका मोठ्या प्रकल्पात जागा आहे. चार वर्षांचा पूर्ण खर्च, परिषदांना जायला वेगळे पैसे, गाईड नावाजलेले. विषय मात्र आधीच ठरलेला: पिकांवरच्या किडींचा अंदाज बांधणारी प्रारूपं. दुसरीकडे शिष्यवृत्ती थेट तिच्या नावावर आहे. मुदत तीन वर्षं, रक्कम जवळपास निम्मी, गाईड तरुण, पण विषय तिने निवडायचा. तिला दगडफुलांवर काम करायचंय. (मला आधी वाटलं, माझी फिरकी घेतेय.)

मी या क्षेत्रातला नाही. जिथे पैसे जास्त आणि नाव मोठं तिथे जावं, यात विचार तो काय करायचा, असं माझं मत होतं. ती म्हणते, "मामा, किती मिळतात हे नंतर बघू. कुणाच्या नावावर मिळतात ते आधी बघ." तेव्हापासून मी जरा गप्प आहे.

इथे शिष्यवृत्तीवर शिकून पुढे अध्यापनात, संशोधनात स्थिरावलेले बरेच जण आहेत म्हणून विचारतो. त्या पैशांनी तुमची वाट खरोखर बदलली का? की तुम्ही हुशार होता म्हणून शिष्यवृत्ती मिळाली, आणि ती नसती तरी पुढचं सगळं झालंच असतं?

कोरीपाटी

वाचतेय. माझाही जिव्हाळ्याचा विषय आहे, नंतर लिहीन.

गणोबा

उंबरठा, शेवटच्या वाक्यात तुम्हीच उत्तर देऊन टाकलंय. शिष्यवृत्ती देणारे लोक खुळे नसतात. जो पुढे जाणार असं दिसतं त्यालाच देतात, आणि तो पुढे गेला की श्रेय आपल्या योजनेला लावून वार्षिक अहवालात त्याचा फोटो छापतात. माझ्याबरोबर ज्यांना मोठ्या शिष्यवृत्त्या मिळाल्या ते पहिल्यापासून पुढेच होते. न मिळालेल्यांपैकीही बरेच आज चांगल्या ठिकाणी शिकवताहेत. पैशांनी सोय होते, ते नाकारत नाही. पण 'करिअर घडलं' वगैरे सत्कारात बोलायच्या गोष्टी.

टिपणवही

गणोबांशी अर्धी सहमत. निवड समित्यांवर बरीच वर्षं बसले आहे. यादीतले पहिले चारपाच जण कुणालाही दिसतात, आणि त्यांना एका ठिकाणी नाही तर दुसऱ्या ठिकाणी पैसे मिळतातच. त्यांच्याबाबत तुमचं म्हणणं लागू पडतं. घोळ असतो तो यादीच्या मधल्या पट्ट्यात. आठव्या आणि अकराव्या उमेदवारात नेमका फरक काय, हे समितीतल्या कुणालाच छातीठोकपणे सांगता येत नाही. बैठक सकाळऐवजी जेवणानंतर झाली असती तर क्रम उलटला असता. जागा आठ असल्या की एकाला पत्र जातं, दुसऱ्याला जात नाही. काही वर्षांनी त्या दोघांचे सीव्ही शेजारी ठेवले, तर हे एके काळी बरोबरीचे होते यावर विश्वास बसत नाही.

आता भाचीचा मुद्दा. तिला जे आत्ता कळलंय ते बहुतेकांना पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी कळतं. प्रकल्पाचा निधी गाईडच्या नावावर मंजूर झालेला असतो. काम कोणतं, टप्पे कोणते, अहवाल कधी, हे सगळं विद्यार्थी यायच्या आधीच अर्जात लिहून झालेलं असतं. विद्यार्थी त्यातल्या एका रकान्यात येऊन बसतो. सगळं जुळलं तर यासारखं सुख नाही. उपकरणं हाताशी, अडलं तर शेजारी पोस्टडॉक (पीएचडी झालेला संशोधक), पहिला पेपर लवकर. पण काम करता करता लक्षात आलं की मूळ प्रश्नच नीट मांडलेला नाही, तर वळायला जागा नसते, कारण निधी देणाऱ्याला उत्तर त्याच प्रश्नाचं हवं असतं. गाईडने संस्था बदलली तर बहुधा प्रकल्पही त्यांच्यामागे जातो आणि विद्यार्थ्याला बिऱ्हाड उचलावं लागतं. आणि गाईडशी बिनसलं तर... ज्यांनी भोगलंय त्यांना सांगायची गरज नाही.

नावावरच्या फेलोशिपचं उदाहरण द्यायचं तर अमेरिकेतल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनची पदव्युत्तर संशोधकांसाठीची फेलोशिप बघा. १९५२ पासून चालू आहे. पाच वर्षांच्या अवधीत तीन वर्षांचे पैसे मिळतात, आणि ते प्रयोगशाळेला बांधलेले नसून विद्यार्थ्याचे असतात. असा विद्यार्थी गाईडच्या खोलीत शिरतो तेव्हा तो जागा मागायला आलेला नसतो. गाईडलाच त्याच्यासाठी निधी शोधावा लागत नाही. "मला हे करून बघायचंय" हे वाक्य त्याला पहिल्याच वर्षी उच्चारता येतं, आणि संशोधक म्हणून तुमची ओळख कशी होणार हे पुष्कळदा त्याच वाक्यावर ठरतं.

उलट बाजूही सांगते, नाहीतर एकतर्फी होईल. "विषय तुझा तू ठरव" म्हणणारे काही गाईड नंतर फिरकतच नाहीत. आणि दगडफुलं! त्यांतल्या काही जाती वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर वाढतात. तीन वर्षांत स्वतः मोजून काय हाती लागणार? त्या गाईडकडे अभ्यासासाठी आधीपासून आखलेले जागेचे तुकडे, जुन्या नोंदी, निदान जुने नमुने आहेत का, हे तिने विचारलंय का? नसतील तर तीन वर्षांची मुदत हा रकमेपेक्षा मोठा प्रश्न आहे.

मधलीसुट्टी

माझी फेलोशिप नावावर होती बरं का. खात्यावर मात्र सहासहा महिने नसायची. मग थकबाकी एकदम जमा व्हायची आणि त्या आठवड्यात मी विभागप्रमुखाच्या थाटात वावरायचो. नंतर पुन्हा उधारी. (संस्थेचं नाव विचारू नका, अजून एक प्रमाणपत्र त्यांच्याकडे अडकलंय.)

टिपणवही

मधलीसुट्टी, तुम्ही हसण्यावारी नेलंत, पण हे गंभीर आहे. हप्ते उशिरा येणारी शिष्यवृत्ती कागदावर सगळ्यांसाठी असली तरी घरून उसनं मिळू शकतं त्यालाच ती परवडते. ज्याच्यासाठी ती मुळात काढली तोच मधे शिकवण्या धरतो, मग थिसिस लांबतो, मुदत संपते आणि शेरा पडतो की प्रगती समाधानकारक नाही. गुणवत्तेच्या नावाखाली हे सगळं झाकून जातं.

अर्धविराम

गणोबांना इतिहासातून उत्तर देतो.

भौतिकशास्त्रज्ञ रदरफर्ड घ्या. १८५१ च्या लंडनमधल्या महाप्रदर्शनाच्या शिल्लक नफ्यातून १८९१ पासून विज्ञान संशोधनासाठी शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. त्यातली एक न्यूझीलंडच्या वाट्याला होती. तिच्यासाठी निवड झाली ती मॅकलॉरिन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाची. रदरफर्ड दुसरा. मॅकलॉरिनला घरगुती आणि नोकरीच्या कारणांमुळे जाता आलं नाही, म्हणून ती रदरफर्डकडे आली. १८९५ मध्ये तो केंब्रिजला कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत पोचला. नेमकं त्याच वर्षी केंब्रिजने बाहेरच्या विद्यापीठांच्या पदवीधरांना संशोधक विद्यार्थी म्हणून दार उघडलं होतं. पुढे १९०८ चं नोबेल, अणुकेंद्रक वगैरे सगळ्यांना ठाऊक आहे. निवड समितीला माणूस ओळखता येतो म्हणता ना? इथे तर तिने त्याला दुसरा ठेवला होता.

दुसरा भौतिकशास्त्रज्ञ, डिरॅक. त्याचं त्याहून मजेदार. १९२१ मध्ये ब्रिस्टलला इंजिनिअरिंगची पदवी घेतली, केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजची ७० पौंडांची शिष्यवृत्तीही मिळवली. पण तेवढ्यात केंब्रिजचा खर्च भागेना. मंदीमुळे नोकरीही मिळेना. मग ब्रिस्टलमध्येच फी न भरता गणित शिकत राहिला. १९२३ मध्ये जास्तीचं अनुदान जोडून मिळालं तेव्हा कुठे केंब्रिज. अपुऱ्या शिष्यवृत्तीमुळे त्याला गणिताची दोन वर्षं मिळाली असंही म्हणता येईल. पण अशा वेळी जो सरळ दुसऱ्या धंद्याला लागला त्याचं नाव आपल्याला माहीतच नसतं.

रामानुजनचं तर सर्वश्रुत आहे. कुंभकोणमच्या कॉलेजात गणितात बुडून इंग्रजीत नापास झाला आणि शिष्यवृत्ती गेली. पुढची काही वर्षं उपासमारीची. १९१२ मध्ये मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये कारकुनी. १९१३ मध्ये मद्रास विद्यापीठाने महिना ७५ रुपयांची संशोधन शिष्यवृत्ती दिली, अट एवढीच की दर तिमाहीला कामाचा अहवाल द्यायचा. बुद्धी तीच. १९०५ मध्ये होती, १९१३ मध्येही होती. एकदा सगळ्या विषयांत पास व्हायची अट होती, एकदा नव्हती.

गणोबा

अर्धविराम, वाचायला झकास. पण ही सगळी पोचलेल्यांचीच उदाहरणं झाली. रदरफर्डच्याच मार्गाने गेलेले आणि पुढे काहीच न केलेले किती, ते कोण मोजणार? दोन गट घ्यावे लागतील, एकाला शिष्यवृत्ती, दुसऱ्याला नाही, बाकी सगळं सारखं. असं कुणी केलंय का? नसेल तर ह्या फक्त गोष्टी.

रेघोट्या

केलंय. म्हणजे प्रयोग नव्हे, पण त्याच्या बरंच जवळचं काहीतरी.

नेदरलँड्समध्ये नुकतीच पीएचडी झालेल्यांना एक अनुदान मिळतं. अर्जांना गुण पडतात आणि कुठेतरी रेघ ओढली जाते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रेघेच्या जेमतेम वरचे आणि जेमतेम खालचे उमेदवार ताडून पाहिले. टिपणवहींनी सांगितलेले आठवा आणि अकरावा हेच. गुणांत नगण्य फरक. पुढच्या आठ वर्षांत वरच्यांनी खालच्यांच्या दुपटीहून जास्त संशोधन निधी मिळवला. याचं एक कारण मला फार अस्वस्थ करतं: खालच्यांनी पुढे अर्ज करणंच कमी केलं. दर वेळी कुणी त्यांना नाकारलं असं नाही, बरेच जण नंतर रांगेतच उभे राहिले नाहीत.

समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९६८ मध्ये याला 'मॅथ्यू परिणाम' म्हटलं, बायबलमधल्या 'ज्याच्याजवळ आहे त्याला आणखी दिलं जाईल' या वचनावरून. मजा म्हणजे तो लेख हॅरिएट झुकरमन यांनी घेतलेल्या नोबेल विजेत्यांच्या मुलाखतींवर इतका आधारलेला होता की त्यांचं नाव सहलेखक म्हणून असायला हवं होतं, हे मर्टन यांनीच पुढे कबूल केलं. श्रेय नावाजलेल्याकडे वाहत जातं हे सांगणाऱ्या लेखाचं श्रेयही तसंच वाहत गेलं!

पण थांबा, गणोबांनाही थोडं देतो. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या आरोग्य संशोधनाच्या अनुदानांवर असाच अभ्यास झाला, रेघेच्या जरा वर आणि जरा खाली. तिथे थोडक्यात हुकलेल्यांपैकी काही जण त्या व्यवस्थेतून कायमचे बाहेर पडले. मात्र जे टिकले त्यांचे पुढच्या दहा वर्षांतले पेपर, थोडक्यात जिंकलेल्यांपेक्षा जास्त प्रभावी ठरले. कमकुवत लोक गळाले म्हणून उरलेल्यांची सरासरी वाढली असेल, ही शंकाही त्यांनी तपासली. तेवढ्याने सगळा फरक भरून निघत नव्हता.

दोन्ही अभ्यास पीएचडीनंतरच्या अनुदानांचे आहेत, त्याआधीच्या शिष्यवृत्त्यांचे नाहीत. तेवढं लक्षात ठेवून वाचा.

गणोबा

बरं, मागे घेतो. अर्धं. म्हणजे फरक पडतो, पण तो पैशांनी किती आणि छापाने किती? कारण तुमच्या त्या पहिल्या अभ्यासात मला छापाचा वास जास्त येतोय. एकदा 'अमुक फेलो' लागलं की पुढची समिती अर्ज उघडतानाच मान डोलावते. तसं असेल तर ही योजना गुणवत्ता शोधत नाही, निर्माण केल्याचा आभास देते. आणि त्या अकराव्यावर अन्याय करते.

रेघोट्या

छाप आहेच. तो वेगळा काढून मोजणं अवघड आहे. पण लागलेला छाप फक्त दुसऱ्यांना दिसतो असं नाही. ज्याला लागतो तोही पुढचा अर्ज बेधडक भरतो.

जुनाजाणता

चर्चा पैसे आणि छाप यांवर चालली आहे. मला तिसरी गोष्ट मांडायची आहे: बदल्यात काय मागितलं आणि किती मुदत दिली.

बाबासाहेब आंबेडकरांचं उदाहरण आपण सगळे अभिमानाने सांगतो, पण त्यातलं वेळापत्रक कुणी बघत नाही. १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या बडोदा संस्थानाची शिष्यवृत्ती मिळाली. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि परतल्यावर दहा वर्षं संस्थानाची नोकरी करायचा करार. कोलंबियात १९१५ ला एमए. प्रबंध सादर करून १९१६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स गाठलं, ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी नाव घातलं. तिथे मुदत संपली. १९१७ मध्ये अभ्यास अर्ध्यावर टाकून परतावं लागलं. चार वर्षांच्या आत येऊन काम पुरं करायची परवानगी विद्यापीठाकडून घेतली होती, म्हणून दार उघडं राहिलं. बडोद्यात नोकरीवर रुजू झाले तर जातीपायी राहायला जागा मिळेना, कचेरीत अवहेलना. करारात दहा वर्षं लिहिली होती, माणसाला तिथे टिकू दिलं गेलं नाही. मग सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी, त्यातली बचत, शाहू महाराजांची मदत, मित्र नवल भथेना यांच्याकडून उसने पैसे, असं जमवून १९२० मध्ये पुन्हा लंडन. १९२१ ला एमएस्सी, १९२३ ला डीएस्सी.

त्या शिष्यवृत्तीने अर्थशास्त्रज्ञ आंबेडकर घडायला मोठी मदत झाली यात शंका नाही. त्यांनी पुढे प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा ग्रंथ सयाजीरावांना अर्पण केला. पण तीन वर्षांचा आकडा ठरवणाऱ्याने मनात धरलेला अभ्यास आणि या माणसाचा अभ्यास यांचं माप जुळत नव्हतं. मधली तीन वर्षं त्याची किंमत आहे.

बंधनाची दुसरी तऱ्हा रँग्लर परांजप्यांची. सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेले, १८९९ मध्ये सीनियर रँग्लर झाले, म्हणजे तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिले आले. तिकडे किंवा सरकारी नोकरीत काय हवं ते मिळालं असतं. पण डेक्कन एज्युकेशन सोसायटीला शब्द दिला होता. परत येऊन तुटपुंज्या पगारावर १९०२ पासून फर्ग्युसनचे प्राचार्य. संस्थेचं सोनं झालं. गणितातल्या संशोधनाचं काय झालं असतं, ते कोणी सांगू शकत नाही. मी त्याला तोटा म्हणत नाही. मात्र बंधनामुळे माणूस शिक्षक होतो की संशोधक, हे ठरू शकतं, आणि ते सहीच्या वेळी कळत नाही.

मधलीसुट्टी

जुनाजाणता काका, दंडवत. यावर वेगळा धागा काढा.

अवांतर: मारी क्युरीला १८९३ मध्ये पोलंडमधून ६०० रूबलची शिष्यवृत्ती मिळाली होती, त्यावर तिने भौतिकशास्त्रानंतर गणिताचीही पदवी घेतली. पुढे कमाई सुरू झाल्यावर तिने ती रक्कम परत केली. करारात असं काही नव्हतं, देणारेच चकित झाले. आमच्याकडे संस्था परत मागते ती फक्त वसतिगृहाची किल्ली.

नीरक्षीर

अटींचा विषय निघालाच आहे तर आजच्या अटींबद्दल लिहिते. बाँड म्हटलं की सगळ्यांना नोकरीचा करार आठवतो. हल्लीच्या अटी जास्त सभ्य दिसतात, पण तितक्याच खोल जातात.

फुलब्राइट ही अमेरिकेतली १९४६ पासूनची योजना. तिच्यावर गेलेल्या परदेशी विद्यार्थ्याला साधारणपणे अभ्यास संपल्यावर मायदेशात दोन वर्षं राहिल्याशिवाय तिथे स्थायिक व्हायचा किंवा ठरावीक नोकरीच्या व्हिसाचा मार्ग खुला होत नाही. ब्रिटनच्या चीव्हनिंगलाही दोन वर्षं परतायची अट आहे. युरोपातल्या मारी स्क्लोदोव्स्का-क्युरी योजनेत भलताच नियम: ज्या देशात जायचं तिथे आधीच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं चालत नाही. हेतू चांगला, माणसं फिरावीत, ज्ञान फिरावं. परिणाम काय? एका देशात पीएचडी, दुसऱ्यात पोस्टडॉक, जमलं तर तिसऱ्यात आणखी एक. तिशी संपेपर्यंत माणूस ट्रंकेतून जगतो. जोडीदारही संशोधनात असेल तर दोघांच्या अटी एकाच शहरात पुऱ्या होणं हा योग जुळून यावा लागतो. आमच्या बाबतीत नाही जुळला. मी शिकवण्याकडे वळले. वाईट झालं नाही, पण ते मी निवडलं असं म्हणणंही खोटं ठरेल.

वयाची किंवा 'पीएचडीनंतर इतकी वर्षं' अशी मर्यादा बघताना, मूल झालं, आजारपण आलं तर ती वाढते का, हे आधी वाचा. काही योजना वाढवून देतात. मुलींनी तर ते कलम रकमेच्या आधी वाचावं.

उंबरठा

बाप रे, मला वाटलं होतं दोनचार प्रतिसाद येतील. सगळ्यांचे आभार. भाचीला धागा पाठवलाय. टिपणवही, तिने विचारलं: त्या गाईडकडे जुन्या नोंदी आहेत, आधीच्या विद्यार्थ्याने आखलेले जागेचे तुकडेही आहेत. तीन वर्षांनंतर मुदतवाढीचं मात्र 'उपलब्धतेनुसार' असं मोघम लिहिलंय. आणि तिचा आणखी एक प्रश्न: मोठ्या प्रकल्पात राहून स्वतःचं छोटं काम शेजारी करता येत नाही का?

टिपणवही

करता येतं, गाईड मोठ्या मनाचा असेल तर. ते त्यांना विचारून कळणार नाही, सगळेच हो म्हणतात. त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांचे थिसिस काढून बघायला सांगा. प्रत्येकाचे प्रश्न वेगळे दिसतात की सगळे एकाच प्रकल्पाचे तुकडे? ते विद्यार्थी पुढे स्वतःच्या नावाने काय लिहिताहेत? कुणी मधेच सोडून गेलं का, आणि का? गाईड जेवढं सांगतात त्याहून जास्त हे माजी विद्यार्थी फोनवर सांगतात. लिहून कुणी देत नाही.

'उपलब्धतेनुसार' म्हणजे बहुतेक वेळा नाही असंच धरून चाला. मग चौथ्या वर्षाचं काय? अध्यापन सहायकाची जागा मिळते का, शेवटच्या टप्प्यासाठीची छोटी अनुदानं आहेत का, आणि दुसरी शिष्यवृत्ती बरोबर घेतलेली चालते का. काही योजना दुसरीकडून पैसे आले की आपले कापतात. हे पत्र पाठवून लेखी विचारा, उद्धटपणा वाटत नाही.

मोकळ्या वर्षांबद्दल एवढंच सांगते. अमर्त्य सेन यांना केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजची फेलोशिप मिळाली तेव्हा चार वर्षं काहीही करायची मुभा होती. ते अर्थशास्त्राचे, आणि त्या काळात त्यांनी तत्त्वज्ञान वाचलं. नंतर सामाजिक निवड, नीती आणि अर्थकारण यांवरचं त्यांचं सगळं काम बघा आणि ती वर्षं त्यात शोधा. निकाल काय येणार हे आधी लिहून घेणाऱ्या कुठल्या प्रकल्पाने त्यासाठी पैसे दिले असते? पण सेन तेव्हा थिसिसच्या पलीकडे पोचले होते, हेही विसरू नये. नवख्याला एवढी मोकळीक कधीकधी बुडवते.

गणोबा

हे शेवटचं वाक्य तुम्हीच लिहिलंत ते बरं झालं, नाहीतर मी लिहिणार होतो. हलके घ्या.

कोरीपाटी

आता लिहितेच. मी त्या अकराव्यांपैकी आहे. प्रतीक्षायादीत होते, वर सरकले नाही. रेघोट्या यांनी लिहिलेलं 'पुढे अर्जच केले नाहीत' वाचून बराच वेळ काही सुचलं नाही, कारण गेलं वर्ष मी तेच केलंय. पुन्हा भरावा का? त्याच योजनेला भरला तर मागच्या नकाराचा शिक्का बसतो का?

रेघोट्या

बहुतेक ठिकाणी नव्या वर्षाची समिती वेगळी असते आणि मागचा निकाल तिच्यासमोर नसतो. काही योजना मात्र किती वेळा अर्ज करता येईल यावर मर्यादा घालतात, ते नियमावलीत बघा. परीक्षकांचे शेरे मागता येत असतील तर मागाच. दोन परीक्षकांचे शेरे एकमेकांच्या विरुद्ध असले, आणि ते असतात, तर निदान एवढं कळतं की नकार एकमुखी नव्हता.

टिपणवही

कोरीपाटी, भरा. जुना अर्ज जसाच्या तसा नको. समितीत आम्ही अर्ज वाचतो तेव्हा पहिल्या पानावर प्रश्न शोधतो. निम्म्या अर्जांत तिथे विषयाची थोरवी असते: हा विषय किती महत्त्वाचा, जगात किती दुर्लक्षित. तुम्ही स्वतः सोमवारी सकाळी उठून काय करणार आहात, ते तिसऱ्या पानावर येतं आणि तोवर वाचणाऱ्याचं लक्ष उडालेलं असतं. शिफारसपत्र देणाऱ्यांनाही नव्याने भेटा. मागच्या वर्षीचं पत्र तारीख बदलून पाठवणारे पुष्कळ असतात आणि ते ओळखू येतं. या वर्षभरात केलेलं काम, अगदी अपुरं असलं तरी, त्यांच्या हातात द्या म्हणजे त्यांना लिहायला काही मिळेल.

प्रतीक्षायादीत होतात हे सीव्हीत लिहू नका. पण एखादी शिष्यवृत्ती मंजूर होऊन तुम्ही घेतली नाहीत, तर ती 'मंजूर, स्वीकारली नाही' अशी जरूर लिहावी, तशी पद्धत आहे. उंबरठा, हे तुमच्या भाचीलाही लागू. जी नाकारणार असेल तिथे मुदत संपायची वाट न बघता कळवायला सांगा, प्रतीक्षायादी तोवर हलत नाही.

कोरीपाटी

पहिलं पान आत्ता उघडून बघितलं. थोरवीच आहे. कुणाला वाचून दाखवता येईल का इथे, की व्यनि (व्यक्तिगत निरोप) करू?

टिपणवही

व्यनि करा. या आठवड्यात परीक्षा आहेत, रविवारी बघते.